मोटारीचे पाणी

मोटार पेट्रोलवर चालते हे शाळकरी पोरही सांगेल. ती पाण्यावर टिकते, हे मात्र मालकाला बहुधा भररस्त्यात कळते. बॉनेटखालून वाफ निघू लागते, गाडी कडेला घ्यावी लागते, आणि थोड्या वेळाने मिस्तरी हात पुसत म्हणतो, "साहेब, हेड खोलावे लागेल." जुन्या गाडीच्या बाबतीत या चार शब्दांचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीलाच जाऊन भिडतो. गळालेले पाणी पाहावे तर दोन-चार लिटर. एवढ्याशा पाण्यासाठी एवढा दंड का, आणि तो दर वेळी मालकानेच का भरायचा, हा प्रश्न मोटारवाले फार दिवसांपासून विचारीत आले आहेत. त्याचे निम्मे उत्तर यंत्रशास्त्रात आहे आणि निम्मे इतिहासात. यंत्रशास्त्राचा भाग थोडक्यात आटोपून आपण इतिहासाकडे वळू.

इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल जळते त्या क्षणी तेथील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बीड सुमारे १,२०० अंशांना वितळते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच. म्हणजे जाळ असा, की तो ज्या भांड्यात पेटवायचा ते भांडेच त्याच्यापुढे टिकू नये. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या अंगात शिरते. ही अंगात शिरलेली उष्णता सतत बाहेर काढीत राहावी लागते. चुलीवर पाणी भरलेले पातेले तासभर सुखाने बसते, आणि कोरडे पातेले पाच मिनिटांत काळे पडते. मोटारीतल्या पाण्याचे काम हेच. ते काही मिनिटे जरी नसले तरी लोखंड वाकते, ॲल्युमिनियम त्याहून अधिक वाकते, आणि त्या दोहोंमध्ये दाबून बसवलेले गॅस्केट जळून जाते. एकदा गॅस्केट गेले की पाणी तेलात आणि तेल पाण्यात. पुढची कथा गॅरेजच्या बिलावर वाचायची.

आता इतिहास. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला. तिच्या एकुलत्या एका नळकांड्याभोवती पाणी होते. ते तापे, उकळे आणि वाफ होऊन हवेत निघून जाई. इंजिन थंड ठेवण्याची युक्ती एवढीच होती. युक्ती साधी खरी, पण वेडगळ नव्हती. पाणी उकळीला येण्यासाठी जेवढी उष्णता घेते, त्याच्या सहापटींहून अधिक उष्णता ते वाफ होताना बरोबर घेऊन जाते. पाणी खर्च करूनच हे यंत्र थंड राही. जगातली पहिली मोटार ही एका परीने गळकीच होती, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार नव्हती, पण कष्ट होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला त्या मोटारीतून निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. एवढ्या लांबचा प्रवास तोवर कोणी मोटारीने केला नव्हता. वाटेत विसलोख गावच्या औषधाच्या दुकानात तिने इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की या सर्व अडचणी एकेकदाच आल्या; पाणी मात्र पुन्हा पुन्हा भरावे लागले. जिथे मिळेल तिथे थांबायचे, भरायचे आणि पुढे जायचे. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासात प्रवाशांना सर्वांत नियमित काम जर कोणते असेल, तर ते पाणक्याचे होते. त्या काळच्या मोटारवाल्याला आपल्या गाडीत पाणी किती आहे हे विचारायची गरजच नव्हती. मघाशी त्यानेच ते ओतलेले असे.

हे पाणक्याचे काम कमी करण्याचा मान विल्हेल्म मायबाख याच्याकडे जातो. डाइम्लर कंपनीच्या या कल्पक अभियंत्याने असा विचार केला, की पाणी उकळून घालवण्यापेक्षा तेच पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरावे. एमिल येलिनेक या धनिक ग्राहकाच्या आग्रहावरून १९०० सालाच्या अखेरीस डाइम्लरने ३५ अश्वशक्तीची नवी मोटार तयार केली आणि येलिनेकच्या मुलीचे मर्सिडीज हे नाव तिला मिळाले. या गाडीच्या नाकावर मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर चौरस अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. पाण्याचा पसारा एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर पातळ पसरल्यामुळे आधी जिथे १८ लिटर पाणी लागे, तिथे नऊ लिटर पुरू लागले. आजच्या मोटारीचा रेडिएटर हा याच पोळ्याचा वंशज आहे.

पण या पोळ्याबरोबर मोटारीत आणखी एक वस्तू आली, तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. ती म्हणजे सांधा. बेंझच्या गाडीत पाणी एका जागी होते. मायबाखच्या गाडीत ते हजारो सांध्यांच्या भरवशावर होते. पाणी वाचले आणि सांधे वाढले. पुढच्या सव्वाशे वर्षांची तक्रार या एका सौद्यात बीजरूपाने दिसते.

अमेरिकेत १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी प्रती निघाल्या. तिच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांत पाणी फिरवायला पंप होता, मग फोर्डने तो काढूनच टाकला. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड पाणी खाली येते, या निसर्गाच्या नियमावरच त्याने पाणी फिरवले. पंप नाही, म्हणून पंपाची गळतीही नाही. चढावर मात्र ती हमखास उकळे. त्या काळी रेडिएटरच्या झाकणावर बसवायचे एक तापमापक अमेरिकेत फार खपले. बॉइस मोटोमीटर हे त्याचे नाव. बॉनेटच्या टोकावर उभी असलेली ती गोल चकती चालकाला समोरच्या काचेतून दिसे आणि तिच्यातला तांबडा रस वर चढू लागला की तो गाडी सावलीला उभी करी. इंजिनाचा ताप त्याच्या नाकासमोर होता. पुढे तो काटा होऊन आत आला, आणि पुष्कळ गाड्यांत काटाही जाऊन नुसता एक लाल दिवा उरला. हा दिवा पाण्याची पातळी सांगत नाही. तो ताप सांगतो, आणि तोही बहुधा नुकसान सुरू झाल्यावर.

पाणीच नको, असे म्हणणारेही होते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी फ्रँकलिन कंपनीने १९०२ पासून १९३४ पर्यंत वाऱ्याने थंड होणाऱ्या मोटारी विकल्या. पण या मार्गावरचा मोठा डाव जनरल मोटर्सने खेळला. १९१२ च्या कॅडिलॅकला ज्याच्यामुळे विजेचा स्टार्टर मिळाला, तो चार्ल्स केटरिंग या डावाच्या मागे होता. तांबे बिडाच्या कित्येक पटींनी उष्णता वाहून नेते. तेव्हा नळकांड्यांना बाहेरून तांब्याच्या झालरी जोडाव्यात, त्यांवर पंख्याने वारा घालावा, आणि रेडिएटर, नळ्या, पंप या साऱ्या गळक्या संसारालाच निरोप द्यावा, अशी त्याची योजना होती. १९२३ मध्ये ही तांब्याची शेव्हरोले बाजारात आली. एकूण ७५९ गाड्या बनल्या, त्यांपैकी २३९ कारखान्यातच मोडीत निघाल्या, आणि ग्राहकांच्या हाती सुमारे १०० पडल्या. इंजिन तापले की त्याची ताकद जाई आणि ते खडखडू लागे. त्याच वर्षी जून महिन्यात शेव्हरोलेने सर्व गाड्या परत मागवल्या. मोटारींच्या इतिहासात पुढे परत मागवण्याचे प्रसंग पुष्कळ आले; पाण्याला कंटाळून केलेल्या धाडसाचा हा त्यांतला एक आरंभीचा. परत मागवलेल्या गाड्यांतून वाचलेली एक गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात पाहायला मिळते.

वाऱ्याचा मार्ग खऱ्या अर्थाने यशस्वी केला तो जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलने. तिला ना रेडिएटर, ना पाण्याच्या नळ्या. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल निघाली तोवर त्या २ कोटी १५ लाखांहून अधिक झाल्या होत्या. पण फोक्सवॅगननेच १९७४ च्या गोल्फमध्ये पाणी पत्करले. वाऱ्याचे इंजिन आवाज करते, त्याचा ताप एकसारखा राखता येत नाही, आणि धुराचे नियम कडक होऊ लागल्यावर हा एकसारखेपणा महत्त्वाचा ठरला. पाण्याशिवाय संसार करून पाहणारे शेवटी पाण्याकडेच परतले.

आता पाण्याच्या स्वभावातला दुसरा दोष पाहू. आपल्याकडे तो सहसा जाणवत नाही, पण थंड मुलुखात तो जीवघेणा आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि इंजिनाच्या आत कोंडलेले पाणी फुगले की बिडाचा ठोकळाही तडकतो. म्हणून पूर्वी उत्तरेकडचे मोटारवाले हिवाळ्यात रेडिएटरमध्ये अल्कोहोल मिसळीत. ते लवकर उडून जाई आणि पुन्हा ओतावे लागे. १८५६ मध्ये शार्ल-अडोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव प्रथम तयार केला होता. तो १९७ अंशांना उकळतो आणि पाण्यात निम्मे-निम्मे मिसळला तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. १९२७ मध्ये प्रेस्टोन या नावाने तो अमेरिकेत मोटारींसाठी विकला जाऊ लागला. चवीला गोड आणि पोटात गेला तर मूत्रपिंडांना घातक असा हा पदार्थ आहे. गळून जमिनीवर साचलेले त्याचे थारोळे चाटून कुत्री-मांजरे दगावतात. आज आपण ज्याला कूलंट म्हणतो, त्याचा मुख्य घटक बहुतेक वेळा हाच असतो. त्याच्या येण्याने एक साधा फरक पडला. रेडिएटरमध्ये आता विकत घेतलेली वस्तू होती. नळाचे पाणी गळले तर कोणी हिशेब ठेवीत नाही; विकतचा द्रव गळला की पहिल्या थेंबापासून पैसा जातो.

त्यानंतर आले ते दाबाचे झाकण. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते सर्वत्र रूढ झाले. कुकरच्या शिट्टीचा नियमच येथे लागू होतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. रेडिएटरला स्प्रिंगचे झाकण लावून आत दाब राखला की इंजिन अधिक तापवता येते, रेडिएटर लहान करता येतो, आणि पाणी वाफ होऊन जात नाही. पुढे बाजूला प्लॅस्टिकचा एक डबा आला. फुगलेले पाणी त्यात जाते आणि थंड झाल्यावर आपोआप परत येते. मालकाला पाणी ओतायचे कारणच उरले नाही. मात्र दाबाखालचे पाणी लहानशी फटही सोडीत नाही. आणि गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, अशी ताकीद आता झाकणावरच छापलेली असते, कारण उघडणाऱ्याचे तोंड भाजते. ज्या पाण्यात मालक रोज हात घालीत असे, त्याला हात लावणे धोक्याचे ठरले.

आपल्याकडे मोटारीच्या पाण्याशी लोकांची ओळख झाली ती घाटांत. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तो बैलगाड्यांसाठी. पुढे त्याच वाटेने मोटारी चढू लागल्या. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक चढ. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोराने फिरते आहे, पण वेग नाही, म्हणून रेडिएटरला वारा नाही. मुंबईहून पुण्याला निघालेली फियाट किंवा अॅम्बॅसिडर घाटात वळणावर उभी, बॉनेट उघडे, शेजारी दगडावर बसलेले कुटुंब, आणि पत्र्याचा डबा घेऊन झऱ्याकडे गेलेला चालक, हे दृश्य पन्नाशी उलटलेल्या कोणाही मराठी माणसाला आठवेल. त्यात त्रागा होता, पण भीती नव्हती. इंजिन निवले, पाणी ओतले, की गाडी चालू. तेवढ्यात डब्यातला चिवडाही संपे.

त्या गाड्यांचे रेडिएटर पितळ-तांब्याचे असत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरेपर्यंत चालवली. तिचा रेडिएटर गळला तर कोपऱ्यावरचा कारागीर तो उतरवून, हौदात बुडवून बुडबुडे पाही, गळकी जागा घासून तिला डाख देई आणि संध्याकाळपर्यंत गाडी धंद्याला लागे. तेवढाही वेळ नसेल तर ड्रायव्हर मंडळींचा एक घरगुती उपाय होता. वाण्याकडून हळदीची पुडी आणायची आणि रेडिएटरमध्ये टाकायची. हळद फुगून बारीक फटीत जाऊन बसते आणि गाडी मुक्कामाला पोचते. हा उपाय टिकाऊ नव्हे, आणि तीच हळद पुढे नळ्याही तुंबवते. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचत आणि गंज चढे, हेही खरे. जुने ते सगळे सोने होते असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पण दोष कुठे आहे हे दिसत होते, आणि तो दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता.

हळदीला हसणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकसारख्या उंची गाड्यांमध्येही रेडिएटरची गळती रोखणाऱ्या गोळ्या कंपनीच घालीत असे. त्या गोळ्यांत काय होते? वाळवलेल्या आल्याची पूड आणि कठीण कवचांचा भुगा. म्हणजे आमच्या टॅक्सीवाल्याची हळद आणि अमेरिकेतल्या धनिकाची सुंठ. मसाल्याच्या डब्यातले कप्पे तेवढे वेगळे.

त्या गोळ्यांची गरज का पडली, याचे उत्तर धातूंत आहे. पेट्रोल वाचवायचे तर गाडी हलकी हवी, म्हणून बिडाच्या जागी ॲल्युमिनियम येऊ लागले. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. ठोकळा एका धातूचा आणि डोके दुसऱ्या धातूचे असेल, तर दर वेळी गाडी तापताना आणि निवताना हे दोघे आपापल्या मापाने ताणले जातात आणि मधल्या गॅस्केटची ओढाताण होते. शेव्हरोलेची व्हेगा ही १९७० मध्ये आलेली छोटी मोटार याचे ठळक उदाहरण. तिचा ठोकळा ॲल्युमिनियमचा आणि डोके बिडाचे. एका नामांकित मोटार मासिकाने तिला त्या वर्षाची गाडी म्हणून गौरवले. मग गाड्या तापू लागल्या, पाणी कमी झाले की नळकांडी वाकडी होऊ लागली आणि त्यांतून तेल जळू लागले. कंपनीने पुढे दुरुस्त्या केल्या. १९७६ च्या इंजिनाला पाच वर्षांची किंवा ६०,००० मैलांची हमीही दिली. पण तोवर नाव गेले होते. १९७७ मध्ये व्हेगा बंद झाली, तेव्हा सुमारे २० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या.

या साऱ्या इतिहासाचा कळस मात्र १९९५ नंतर झाला. त्या सुमारास जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत डेक्सकूल नावाचे नारिंगी रंगाचे नवे कूलंट घालायला सुरुवात केली. जुने हिरवे कूलंट दोन वर्षांनी किंवा ३०,००० मैलांनी बदलावे लागे, कारण गंज रोखणारे त्यातले क्षार संपत. नव्या कूलंटमध्ये त्या क्षारांऐवजी सेंद्रिय आम्ले होती आणि ती सावकाश खर्च होत. पाच वर्षे किंवा दीड लाख मैल पाहायला नको, असे मालकाला सांगण्यात आले. वचन मोहक होते. बर्था बेंझच्या पाणक्याच्या कामापासून निघालेली वाट येथे संपली असेच कोणालाही वाटले असते.

काही वर्षांतच शेव्हरोले मालिबू, पाँटिअॅक ग्रँड अॅम, ब्यूइक यांसारख्या गाड्यांचे मालक गॅरेजच्या दारात दिसू लागले. ३.१ आणि ३.४ लिटरच्या इंजिनांत हवा आत घेणाऱ्या भागाखालचे गॅस्केट गळत होते. ते गॅस्केट नायलॉनच्या चौकटीवर सिलिकॉन रबराची कड देऊन बनवलेले होते. आणि कूलंटमधले एक आम्ल, २-एथिलहेक्सॅनॉइक, हे नायलॉनला आणि सिलिकॉनला मऊ करणारे आहे, असे तक्रारदारांच्या बाजूने मांडण्यात आले. ३.८ आणि ४.३ लिटरच्या इंजिनांविषयीही तक्रारी आल्या. कुठे पाणी आतल्या आत तेलात उतरे आणि तेल दुधाळ होई. कुठे पाण्याची पातळी घटून आत हवा शिरे आणि नारिंगी द्रवाचा तांबूस चिखल होऊन नळ्या तुंबत. पातळी पूर्ण राखली तर कूलंटात दोष नाही, असा कंपनीचा पक्ष होता. शाळेच्या गणितातला हौद गळतो तेव्हा दर तासाला किती पाणी जाते ते निदान दिलेले असते. या मालकांना पातळी पाहायलाच नको असे सांगितले होते, आणि गळती इंजिनाच्या पोटात होती.

यातला अंकांचा खेळ नीट पाहण्यासारखा आहे. कूलंटचे वचन पाच वर्षांचे आणि दीड लाख मैलांचे. गाडीची सर्वसाधारण हमी तीन वर्षांची आणि ३६,००० मैलांची. या दोन आकड्यांच्या मध्ये जी मोकळी जागा होती, तीत अनेकांचे गॅस्केट गेले. वचन अजून चालू आणि हमी संपलेली, अशा वेळी शेकडो डॉलरचे बिल मालकाच्या हाती पडले. एकेकट्या माणसाने एवढ्या रकमेसाठी महाकाय कंपनीशी भांडणे परवडत नाही. वकिलाचा खर्चच दाव्याहून मोठा. म्हणून अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि कॅनडात सामूहिक दावे दाखल झाले. मिसूरी राज्यातल्या दाव्यात डिसेंबर २००७ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि मार्च २००८ मध्ये उरलेल्या ४९ राज्यांतल्या तक्रारदारांनाही भरपाई देण्याचे कंपनीने कबूल केले. भरपाई ५० ते ८०० डॉलर. पुढे १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सनेच दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि राहिलेले दावे त्या भानगडीत अडकून पडले. गॅरेजवाल्याला मात्र पैसे केव्हाच रोख मिळाले होते.

या कहाणीत कोणी एक खलपुरुष शोधू गेल्यास तो सापडत नाही. मायबाखने पाणी वाचवले, दाबाच्या झाकणाने ते उडून जाणे थांबवले, ॲल्युमिनियमने वजन कमी केले, नव्या कूलंटने बदलण्याचा खर्च वाचवला. प्रत्येक पाऊल मालकाच्या सोयीचेच होते. पण प्रत्येक पावलागणिक पाणी मालकाच्या नजरेपासून थोडे दूर गेले, आणि जितके दूर गेले तितके ते गळल्याचे उशिरा कळू लागले. पितळी रेडिएटर जाऊन ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेले रेडिएटर आले. त्या प्लॅस्टिकला डाख देता येत नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या कारागिराचा हातही त्यापर्यंत पोचेना. गळका भाग टाकून अख्खा नवा घ्यायचा, हीच दुरुस्ती झाली. आजचे बिल पाण्याचे नसते. ते उशिरा कळण्याचे असते, आणि दुरुस्तीऐवजी बदलण्याचे असते.

विजेच्या मोटारी आल्या म्हणून हा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. त्यांत पेट्रोलचा जाळ नाही, पण मोठ्या बॅटऱ्या भरताना आणि वापरताना तापतात, आणि आज रस्त्यावर असलेल्या अनेक विजेच्या गाड्यांत त्या थंड ठेवायला पाणी आणि ग्लायकॉल यांचेच मिश्रण फिरते. ते विजेच्या घटांशेजारून वाहते, आणि तो ठोकळा मालकाने उघडायचाच नसतो. म्हणजे झाकण पहिल्यापेक्षाही घट्ट झाले.

तेव्हा न्याय कसा असावा? पाणी उघडे होते तेव्हा त्याची काळजी मालक घेई, आणि ते संपले तर दोषही त्याचाच. ज्याने झाकण बंद केले आणि आता पाहायला नको असे सांगितले, त्याने ती काळजी आपल्याकडे घेतली. मग झाकणाखालच्या सांध्याचा जाबही, निदान दिलेल्या वचनाइतकी वर्षे, त्यानेच द्यायला हवा. कूलंटची मुदत एक आणि ते अडवून धरणाऱ्या गॅस्केटची हमी दुसरी, हा हिशेब कोणत्याही सावकाराला शोभला असता; गाडी बनवणाऱ्याला शोभत नाही. अमेरिकेतल्या त्या तक्रारदारांना मिळालेले डॉलर थोडे होते, पण हा मुद्दा त्यांनी न्यायालयाच्या दारापर्यंत नेला, ही त्यांची कमाई लहान नाही.

तोवर मालकाच्या हाती जे आहे ते त्याने सोडू नये. बॉनेटखाली बाजूला अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा असतो आणि त्यावर दोन रेघा असतात, एक खालची आणि एक वरची. सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे आणि पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये आहे का ते पाहावे. महिन्याभरात ते खाली सरकले असेल तर कुठेतरी सांधा सुटला आहे, आणि तो आज सुटला आहे तोवरच त्याचा खर्च खिशाला झेपणारा आहे. एवढे पाहायला अजून तरी कोणी पैसे घेत नाही.